धाकटीच्या गोळ्या

बोलू का? आमच्याकडे घराबाहेर पडताना बंदुकीचं नाव काढत नाहीत, आणि इथे तर बंदूकच तोंड उघडून बसलीय. एफी आत्यानं ऐकलं तर म्हणेल, "काय गं बाई हा आगाऊपणा!" म्हणू दे. आता माझं वय झालं, नळीला गंज चढला, आणि पोटात साठलेलं कुठेतरी ओकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

तर मी एक बंदूक. बारीक नळीची, पॉइंट टू-टू म्हणतात ती. माझी गोळी करंगळीच्या पेराएवढी, आणि तीही एका वेळी एकच. एक उडवली की दुसरी हातानं भरायची. आवाज म्हणाल तर नुसता 'टक्'. ससे, बदकं, रानकोंबड्या आणि तळ्यातले ते केसाळ पाणउंदीर, एवढाच माझा संसार. मोठं जनावर माझ्या गोळीनं मरत नाही, नुसतं चिडतं. हे मी कधीच लपवलं नाही.

जन्म कुठल्याशा दूरच्या शहरातल्या कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते कोयुकुक नदीकाठचं व्यापाऱ्याचं लाकडी दुकान. अलास्कातल्या आमच्या भागात तेव्हा असली दोनचारच दुकानं होती. एफी पाणउंदरांच्या कातड्यांचा ढीग घेऊन तिथे आली. कोवळं वय, गालाला बर्फाचे चट्टे. तिनं मला उचललं, खांद्याला लावलं, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "हीच."

दुकानात बसलेले बाप्ये हसले. एक जण म्हणाला, "नवरा शोधायच्या वयात बंदूक शोधतेस होय गं?"

"नवऱ्याला मीच रांधून घालायचं," एफी म्हणाली, "ही मला खायला घालील."

आणि घातलंच की मी! एफी एकटी फासे लावत रानात फिरायची. कुत्र्यांच्या घसरगाडीवर तिच्या मागे मी बांधलेली असायची. एकदा गाडी उलटली आणि माझा लाकडी दस्ता मधोमध तडकला. तिनं मूसचं, म्हणजे आमच्याकडच्या घोड्याएवढ्या सांबराचं, ओलं कातडं त्यावर करकचून गुंडाळलं, आणि वाळल्यावर ते असं आवळलं की आजतागायत हललेलं नाही.

मग एका हिवाळ्यात एफीचा भाऊ आणि भावजय दोघंही साथीत गेली. त्यांची दोन पोरं एफीच्या पदरात आली. थोरला एल्मर, धाकटा सिडनी. एफीची झाली एफी आत्या. दोघंही माझ्याच नळीनं नेम धरायला शिकले. एल्मर गंभीर, सांगितलेलं पाठ करणारा. सिडनी वात्रट. नेम चुकला की म्हणायचा, "आत्या, बदकाला दया आली म्हणून ते वाचलं."

आत्यानं त्यांना रानाचे नियमही शिकवले. आमच्या लोकांत जनावराला कान असतात असं मानतात, घरात बसून बोललेलंही त्याला ऐकू जातं. म्हणून शिकारीला निघताना बढाई मारायची नाही, कशाला निघालो ते सांगायचं नाही, हत्याराचं नाव घ्यायचं नाही. "जरा फिरून येतो," एवढंच म्हणायचं. त्यातून अस्वल म्हणजे फार मानी. त्याचं तर नावच नाही, 'ते मोठं' म्हणायचं, आणि बायकांनी तेवढंही नाही. मला हे आवडायचं. ज्याला मारून खायचं त्याच्याबद्दल जरा अदबीनं वागावं, यात वाईट काय आहे?

पोरं मोठी झाली. एल्मरनं स्वतःसाठी मोठी रायफल घेतली. आमच्या घरात ती 'थोरली' आणि मी 'धाकटी'. वयानं मी तिच्या आईएवढी, पण घरात मान आकारावर मिळतो, काय करता! पुढच्या थंडगार पडवीत दोघी शेजारशेजारच्या खिळ्यांवर असायचो. गरम घरात आम्हाला कुणी नेत नसे, उबेनं आतून घाम येतो आणि बाहेर पडल्यावर तो गोठतो.

एल्मरचं लग्न झालं, लवीना आली. बोलकी, हसरी, नदीच्या वरच्या गावातली. त्यांना मुलगी झाली, ओपल. सिडनी शेजारी एका खोलीत एकटा राहायचा, पण जेवायला रोज इकडेच. वसंतात बर्फ वितळून तळी मोकळी झाली की तो रोज मला घेऊन पाणउंदरांवर जायचा. आला की मला एल्मरच्या पडवीत खिळ्यावर टांगायचा. गोळ्यांचा चपटा डबा मात्र कोटाच्या खिशातच राहायचा. कुणी कधी त्याला टोकलं नाही. उद्या तोच तर येणार असायचा ना!

त्या वर्षी नदीवरचा बर्फ फुटला आणि खालच्या वळणावर तुंबला. बर्फाच्या लाद्यांची भिंतच उभी राहिली, आणि पाणी गावात शिरू लागलं. रेडिओवर सांगितलं, टेकडीवर जा. सगळीकडे पळापळ. जो तो जवळची उंच जागा गाठत होता. आमच्या घरामागची टेकडी मोठी होती, पण आदल्याच दिवशी तिच्यावरच्या बर्फात 'त्या मोठ्या'ची पावलं दिसली होती, नुकतंच जागं होऊन उपाशी फिरणाऱ्याची.

पडवीत पाणी आलं. एल्मरनं थोरलीला खिळ्यावरून काढलं. बरोबरच होतं त्याचं, बायको-पोर घेऊन त्या टेकडीवर जायचं होतं. लवीना ओपलला पाठीशी बांधून उभी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, ही पण घे ना. तिथे खायला ससे नि बदकंच मिळणार. आणि हिच्या..."

"लवीना!" एल्मर दबक्या आवाजात ओरडला. "तोंड आवर. आज तरी!"

आत्यानंही डोळे वटारले. "पोरी, निघताना नको गं. ऐकतंय ते."

लवीना गप्प झाली. तिचं वाक्य मला पुरं करता आलं असतं. 'हिच्या गोळ्या कुठायत?' एवढंच ती विचारणार होती. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

पण बाई हुशार. एल्मर नाव ओढायला गेला तशी तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि गोधडीत गुंडाळलं. तेवढ्यात सिडनी गुडघाभर पाण्यातून आला.

"दादा, माझी कुत्री नदीपलीकडे, मासळी सुकवायच्या तळावर बांधलेली आहेत. सोडतो आणि आलोच टेकडीवर."

"लवकर ये. बर्फ कधीही सुटेल."

"मी येईपर्यंत चहा संपवू नका." त्यानं गोधडीतून डोकावणारी माझी नळी पाहिली आणि लवीनाला डोळा मारला. "वहिनी, गोधडीला फारच टोक आलंय हो!"

लवीनाला हसू फुटलं. एल्मरनं वळून बघितलं तसे दोघंही साळसूद. सिडनीनं मला पाहिलं होतं. डबा त्याच्या खिशात होता, हात खिशाला लागतच होता. पण तासाभरात तोच येणार, मग कशाला काढायचा? आणि निघताना असलं काही देत-घेत नाहीत. तो आपल्या नावेत बसून गेला.

तो पलीकडे पोचला आणि तुंबलेला बर्फ सुटला. घराएवढ्या लाद्या आमच्या आणि त्याच्या मधून धडधडत जाऊ लागल्या. आमची नावही टेकडीच्या काठाला लागता लागता एका लादीनं फोडली. माणसं उतरली, मी उतरले, थोरली उतरली. सुक्या मासळीचं आणि बिस्किटांचं पोतं मात्र पाण्यात गेलं.

टेकडीवर ताडपत्री बांधून झाली, शेकोटी पेटली. लवीनानं गोधडी उलगडली. एल्मरनं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. रागावला नाही, उलट हसला. "आणलीस तर! शहाणी आहेस." मग त्यानं गोधडी झटकली, लवीनाच्या कोटाचे खिसे बघितले, पुन्हा गोधडी झटकली.

"गोळ्या?"

लवीनानं नदीकडे बोट दाखवलं.

मग सगळ्यांनी पलीकडे पाहिलं. दूर, नदीपार, सिडनीच्या शेकोटीचा धूर वर चालला होता.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पुरानं सगळी बदकं आमच्या पायाशी आणून सोडली होती. झुडपांत पाणी शिरलेलं, त्यात ती निवांत पोहायची, एफी आत्या दगड मारील एवढ्या अंतरावर. आत्या दगड मारायचीही, पण म्हातारा हात, कुठला लागायला! मी झाडाला टेकून उभी. भरल्या घरात उपाशी बसावं तशी गत. एल्मरनं थोरली झाडून एक ससा मारला, तर पुढचा अर्धा ससा जागेवर उरलाच नाही.

"वा!" आत्या म्हणाली. "चिमणीवर तोफ. आता केस गोळा करून सूप करू या."

उरलेला अर्धा त्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्यानं बदकावर थोरली झाडली, तर पाण्यावर फक्त पिसं तरंगली. थोरलीच्या गोळ्या मूठभर, आणि सकाळी ताडपत्रीच्या मागेच चिखलात नवी पावलं उमटलेली. "उरलेल्या राहू दे," आत्या म्हणाली. मग तिनं बुटांच्या नाड्या सोडून सशांसाठी फास लावले. एक ससा सापडला, बाकीच्यांनी नाड्या कुरतडून नेल्या. वरून गारठलेला पाऊस आणि धुकं. मदतीची विमानं धुक्याच्या वर घुमत जायची, आवाज यायचा, दिसायचं काहीच नाही.

आणि लवीनाचं दूध आटलं. ओपल आधी रडायची, मग कुरकुरायची, मग नुसती तोंड हलवायची. आत्या आपल्या वाटणीचं लवीनाला द्यायची आणि म्हणायची, "मला म्हातारीला भूक कसली!" लवीना ते खायची आणि रडायची. शेवटी लवीना एल्मरला म्हणाली, "मी विचारत होते. तू गप्प केलंस."

एल्मरनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, पाहू नये रे बाबा असं कुणी कुणाकडे.

पुढच्या पहाटे बर्फाचा कडकडाट जरा थांबला. पाण्यावर आवाज दूरवर जातो. पलीकडची कुत्री भुंकलेली स्पष्ट ऐकू आली. एल्मर उठला, काठावर गेला, आणि ज्या माणसानं आयुष्यात निघताना हत्याराचं नाव घेतलं नव्हतं, तो छाती फुटेस्तोवर ओरडला,

"सिड! गोळ्या! धाकटीच्या गोळ्या! पोर उपाशी आहे रे!"

मग पलीकडून बारीक आवाज आला, "आलो!"

"थांब!" आत्या ओरडली. "बर्फ बघ आधी! आत्ता नको!" पण तिचा आवाज कुठवर जाणार? नावेचं इंजिन सुरू झाल्याचं ऐकू आलं.

छान आला हो पोरगा. लाद्यांना वळसे घेत, कधी मागे सरत, कधी फटीतून सुळकन निसटत. नावेत सुक्या मासळीचा गठ्ठाही होता. इतका जवळ आला की त्याचे दात दिसायला लागले. हसत होता. "वहिनी, चहा उरलाय का?"

तेवढ्यात वरच्या वळणावरचा उरलेला बर्फ सुटला. एल्मरनं पाहिलं, हातवारे केले. सिडनीनंही मान वळवून पाहिलं. त्याला कळलं असणार, कारण तो इंजिन सोडून नावेत उभा राहिला, खिशातून डबा काढला आणि सगळा जोर लावून काठाकडे फेकला. डबा चिखलात येऊन पडला. मग नाव दोन लाद्यांच्या मधे सापडली आणि टोकावर उभी राहिली, आणि नंतर तिथे नावही नव्हती आणि सिडनीही.

एल्मर छातीभर पाण्यात शिरला. लवीनानं आणि आत्यानं त्याला कोटाला धरून मागे ओढलं. तो ओरडत होता, "मी हाक मारली! मी मारली हाक!"

मग ओपल रडली, अगदी बारीक. आत्या वाकली, चिखलातला डबा उचलला, परकराला पुसला आणि एल्मरपुढे धरला. "घे."

"आत्या, माझ्यानं नाही होणार."

"दे इकडे," लवीना म्हणाली.

तिनं मला उचललं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं गोळी भरली, ओठ घट्ट दाबले आणि झुडपांतल्या बदकावर नेम धरला. टक्. मग दुसरी भरली. टक्. मी आयुष्यात इतका अचूक नेम साधला नव्हता, आणि इतकं नकोसंही मला कधी झालं नव्हतं. आत्यानं पिसं काढली, रस्सा केला, लवीनानं रडत रडत तो प्याला. संध्याकाळी ओपल ओढायला लागली तेव्हा तिच्या तोंडात दूध आलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि विमान आलं.

लोक म्हणतात, एकच दिवस थांबला असता तर! म्हणणाऱ्याचं काय जातं? त्या एका दिवसात पोरीचं काय झालं असतं, ते कुणी छातीठोकपणे सांगेल का? मी तेव्हापासून खिळ्यावर लटकून हेच घोळवतेय. आणि 'ते मोठं'? ते आलंच नाही. त्याला ऐकू जाईल म्हणून जे बोललं नाही, ते ऐकायला ते तिथे होतं की नाही, देव जाणे.

घर सुकलं, पण एल्मर सुकला तो सुकलाच. मला साफ करायला उचलायचा आणि तसाच परत टांगायचा. एकदा पडवीत आत्यासमोर बोलला, "तूच शिकवलंस ना, निघताना तोंड उघडायचं नाही."

मला वाटलं, आता ही म्हातारी कोसळते. पण ती ताठ उभी राहिली.

"अरे, जनावरासमोर तोंड आवरा म्हटलं होतं मी. सख्ख्या भावाशी मुके व्हा, असं कधी म्हटलं होतं? बायको विचारतेय, तिला गप्प बसवा, असं कधी म्हटलं?" मग तिचा आवाज चिरकला. "पण त्या दिवशी डोळे मीही वटारले. तू एकटा नाहीस, एल्मर. मीही त्यात आहे, बाबा."

दोघं खाली फळीवर बसली. त्या दिवशी एल्मर पहिल्यांदा मोकळेपणी रडला, आणि आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आमच्यात माणूस गेला की पुढे सवडीनं त्याच्या नावानं मोठं जेवण घालतात. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांना गेलेल्याच्या वस्तू देतात, म्हणजे तोही मोकळा होतो आणि घरचेही. सिडनी खालच्या गावाजवळ सापडला होता. मर्ल नावाच्या माणसानं त्याला पाण्यातून काढलं, आपल्या चांगल्या घोंगडीत गुंडाळलं आणि पोचवलं. आत्यानं ठरवलं, धाकटी मर्लला.

गावच्या लाकडी सभागृहात सगळं गाव जमलं होतं. मूसचा रस्सा, मासे, बेरीचं गोड. गाणी झाली, बायका नाचल्या. लवीनानं सिडनीच्या नकला करून सगळ्यांना रडवलं आणि हसवलं. ओपल या मांडीवरून त्या मांडीवर धावत होती. मग एल्मर मला दोन्ही हातांत आडवी घेऊन मधे आला. मला वाटलं, देईल आणि खाली मान घालून जाईल. मर्लनं हात पुढे केले, पण एल्मरनं मला सोडलं नाही.

"गोळ्या कुठे ठेवशील?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

सभागृह गार. चारचौघांत असं विचारायचं! मर्ल इकडेतिकडे बघू लागला, बिचाऱ्याचे कान लाल झाले.

"विचारतोय तर सांग रे," भिंतीकडच्या खुर्चीवरून एफी आत्या म्हणाली. "आपलीच माणसं आहेत सगळी."

"दस्त्याला पिशवी शिवीन," मर्ल हळू आवाजात म्हणाला. "तिथेच ठेवीन. हिच्याजवळ."

"तुझ्या बायकोला माहीत असेल?"

"सांगेन."

"आत्ता सांग. ती तिथे बसलीय."

मर्लनं सगळ्यांसमोर मान वळवून बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ऐकलं." मग एल्मरनं मला सोडलं.

आता मी खालच्या गावात असते. मर्लनं शब्द पाळला. माझ्या दस्त्याला कातडी पिशवी आहे, जरा बेंगरूळ शिवलीय, पण आहे. फारसं कुणी मला काढत नाही, नळीतही पूर्वीचा जोर नाही. मान द्या म्हणत नाही, पहिली उचला असंही म्हणत नाही. 'त्या मोठ्या'ची भीती असेल तर थोरलीलाच न्या, मला राग नाही. मला खिळ्यावर राहू द्या, गंजून जाऊ द्या. पण कधी नेलीतच, तर मला एकटीला नेऊ नका. त्या काठावर बदकांसमोर रिकाम्या नळीनं उभं राहणं मला पुन्हा झेपायचं नाही.